धाकट्याचे हरवलेले दोन टक्के

१

धाकटा दोन टक्क्यांनी कमी भरला, आणि दुपारच्या आत सगळ्या आवारात ती बातमी फिरली.

धाकटा म्हणजे कुणाचा मुलगा नव्हे. ते लढाऊ विमानाचं इंजिन होतं. नव्या विमानासाठी दोन देशांनी आपापली इंजिनं पाठवली होती. आधी आलं त्याला टेस्ट बेडवरची, म्हणजे इंजिनं बांधून तपासायच्या जागेवरची, माणसं थोरला म्हणायला लागली, मागून आलं त्याला धाकटा. मूळ नावं लांबलचक आणि आकड्यांनी भरलेली असल्यामुळे बडे साहेबही बैठकीत चुकून थोरला-धाकटा म्हणून जात आणि मग घसा खाकरत. दोघांपैकी एकाची निवड व्हायची होती. त्यासाठी दोघांना एकाच बेडवर घट्ट बांधून, पूर्ण आग देऊन, ते पुढे किती जोराने रेटतात ते मोजायचं. कंपनीने सांगितलेल्या जोरापेक्षा एक टक्क्याहून जास्त कमी भरलं तर इंजिन बाद.

थोरला उन्हाळ्यात चालवला, तेव्हा तो कंपनीच्या आकड्याला चिकटून उतरला. धाकटा थंडीत चालवला आणि दोन टक्क्यांनी खाली राहिला. पुन्हा चालवला, पुन्हा तेवढाच.

आता इंजिन कमी भरणं हा काही गुन्हा नाही. पण टेस्ट बेडची प्रमुख एक बाई होती, आणि तिचा सख्खा दीर थोरल्याच्या कंपनीच्या इथल्या कचेरीत नोकरीला होता. ही गोष्ट तिने पहिल्याच दिवशी वरिष्ठांना सांगितली होती, वरिष्ठांनी मान डोलावली होती आणि सगळे ती विसरूनही गेले होते. धाकटा कमी भरला तसा मात्र तो दीर सगळ्यांना एकदम आठवला.

धाकट्याबरोबर एक परदेशी इंजिनिअर आला होता. त्याला सगळे पाहुणा म्हणत. त्याला इथली भाषा बऱ्यापैकी येई, आणि रागावला की आणखी चांगली येई. संचालकांच्या खोलीत तो उभा राहूनच बोलला.

"हे इंजिन आमच्या देशात पूर्ण जोर देऊन आलं आहे. पेटीचं सील मी स्वतः तोडलं. इथे येऊन ते आजारी पडलं नाही. इथे ते मोजणारे आजारी आहेत."

संचालकांनी तिच्याकडे न बघता टेबलावरच्या पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"चौकशी होईपर्यंत दिरांशी बोलायचं नाही. भेटायचं नाही, फोन नाही. पुढच्या आठवड्यात समिती बसेल. त्याआधी दक्षता विभागाचा माणूस येऊन बघून जाईल."

"इंजिनांतला जाणकार असेल ना?" तिने विचारलं.

"नाही," संचालक म्हणाले. "पूर्वी तो किराणा दुकानांतले वजनकाटे तपासायचा."

२

काटेवाले साहेब हे नाव त्यांना आवारातल्या लोकांनी ते फाटकातून आत यायच्या आधीच देऊन टाकलं होतं. माणूस बुटका, गोल आणि कमालीचा निवांत. त्यांना एक खोड होती. हाताला लागेल ती वस्तू उचलायची आणि तिचं वजन सांगायचं. तिच्या टेबलावरचा स्टेपलर त्यांनी उचलला, "पाव किलोला थोडा कमी," म्हणाले आणि होता तिथे ठेवला. माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीचं भवितव्य आता हा माणूस स्टेपलर तोलून ठरवणार, असं तिच्या मनात आलं आणि तिला रडावं की हसावं कळेना.

"मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही," त्यांनी आपण होऊन सांगून टाकलं. "पण लोक मापात कसे मारतात ते जन्मभर बघितलंय. यातली एक कंपनी किलोत बोलते, दुसरी पौंडात. तुमच्याकडे तिसरंच काहीतरी चालतं. याचं त्यात करताना घोळ झाला असेल?"

"ते मी सगळ्यात आधी तपासलं. तिघांकडून वेगवेगळं करून घेतलं. तिथे घोळ नाही."

"मग प्रत्येक देशाची मोजायची रीत निराळी असेल."

"असते. एक देश इंजिन उघड्या तोंडाने चालवून जोर सांगतो, दुसरा विमानातली हवेची नळी लावून सांगतो. नळी लावली की जोर कमी दिसतो. म्हणून तर आम्ही दोघांनाही एकच कर्ण्यासारखं तोंड लावलं आणि दोन्ही कंपन्यांकडून त्या तोंडाचेच आकडे मागून घेतले."

"पण एक उन्हाळ्यात चालवलं, एक थंडीत."

या प्रश्नावर तिने त्यांच्याकडे जरा आदराने पाहिलं. "हवा दाट असली की इंजिन जास्त रेटतं, पातळ असली की कमी. त्यामुळे आज इथे मिळालेला जोर आणि चार महिन्यांपूर्वी दुसऱ्या देशात मिळालेला जोर शेजारी ठेवून काही कळत नाही. म्हणून सगळ्यांनी मिळून एक दिवस ठरवलाय. पंधरा अंश तापमान आणि समुद्रकाठचा हवेचा दाब. तसा दिवस कुठे उगवतो देव जाणे, पण गणित करून प्रत्येक इंजिनाचा जोर त्या दिवसावर नेऊन ठेवायचा. मग तुलना. आमच्याकडे त्याला कागदी दिवस म्हणतात."

"म्हणजे काटा दाखवतो ते वेगळं, आणि तुम्ही सांगता ते वेगळं."

"हो."

"एखादा दुकानदार असं म्हणाला असता तर मी त्याचं दुकान बंद केलं असतं," काटेवाले म्हणाले आणि चहा कुठे मिळतो ते विचारलं.

कॅन्टीनमध्ये ती शिरली तसं कोपऱ्यातल्या टेबलावरचं बोलणं थांबलं. तिच्या रोजच्या जागेशेजारी बसणारी लेखा विभागातली बाई आज पलीकडे सरकून बसली होती. धावपट्टीकडचे काही वैमानिक काउंटरपाशी उभे होते. त्यांना या भानगडीचं काही देणंघेणं नव्हतं, त्यामुळे हसण्याचा आवाज तेवढा तिथूनच येत होता.

"आमचं वय झालं म्हणायचं," त्यांच्यातला पांढऱ्या मिशांचा सांगत होता. "हल्ली विमानात बसतो, चाक हललेलं नसतं, आणि उंचीचा काटा म्हणतो तुम्ही साडेपाचशे फुटांवर आहात. बसल्या जागी उडायला लागलोय."

"नव्याची सवय करा, काका," एक तरुण म्हणाला.

तिचं तिकडे लक्ष नव्हतं. कोण आपल्याकडे बघतंय आणि कोण बघायचं टाळतंय, एवढंच ती मोजत होती. काटेवाल्यांनी चहाचा कप उचलला, वजन केलं, आणि मगच प्यायले.

मग त्यांनी एकेकाला बोलावून घेतलं. पहिला ऑपरेटर. बारा महिने गळ्यात मफलर गुंडाळायचा म्हणून मफलर हेच त्याचं नाव पडलं होतं. बेड चालू असताना यंत्रात आकडे भरणं त्याच्याकडे. दोनदा त्याची बढती हुकली होती, आणि दोन्ही वेळा शिफारस तिने केली नव्हती.

"राग आहे का मॅडमवर?" काटेवाल्यांनी तिच्यादेखतच विचारलं.

"आहे की," मफलर म्हणाला. "पण राग काढायचा तर त्यांच्या गाडीची हवा सोडीन. इंजिनाला कशाला हात लावू? ते माझं काय खातं?"

पाहुणा आला तो सील, छायाचित्रं, सही-शिक्के सगळं घेऊन आला. त्याचं इंजिन घरून निघाल्यापासून इथल्या बेडवर चढेपर्यंत कुणी उघडलं नव्हतं हे त्याने इतक्या वेळा सांगितलं की काटेवाल्यांनी शेवटी त्याच्या फायलीचं वजन सांगून त्याला रवाना केलं.

दिराची भेट त्यांनी शहरात जाऊन घेतली. परतले तेव्हा नेहमीसारखे निवांत वाटत नव्हते.

"तुमच्या भाऊजींना मी एकच विचारलं. वहिनींशी कामाचं कधी बोलणं झालं होतं का? तर ते रडायला लागले." काटेवाल्यांनी स्टेपलर उचलला आणि या वेळी वजन न सांगताच ठेवून दिला. "बाई, निर्दोष माणूस अशा प्रश्नावर चिडतो. रडत नाही."

३

त्या रात्री ती अंथरुणावर नुसती कूस बदलत राहिली. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा हा दीर कॉलेजात होता. त्याची फी भरायच्या रांगेत ती उभी राहिली होती, त्याच्या पहिल्या मुलाखतीसाठी टाय बांधायला तिनेच शिकवलं होतं, आणि टाय कसा बांधतात ते तिलाही आदल्याच दिवशी कळलं होतं. दर रविवारी तो जेवायला यायचा. धाकटा यायच्या आधीच्या एका रविवारी त्याने सहज विचारलं होतं, "वहिनी, दुसरं इंजिन बेडवर कधी चढवणार?" तिने पोळी वाढत "कळेल तेव्हा कळेल" म्हणून टाळलं होतं. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता वाटत होतं. त्याने मफलरला गाठलं असेल? कुणाला तरी फितवलं असेल? नवरा शेजारी जागाच होता, पण आपल्या धाकट्या भावावर बायको संशय घेतेय हे त्याच्याशी कसं बोलणार?

नोकरी गेली असती तर तिला चाललं असतं. पण घरच्या माणसासाठी तिने काटा वाकवला, असं आयुष्यभर म्हटलं जाणार होतं, आणि ते तिला सहन होणारं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे ते तिने न करताही तिच्याच घरातून झालेलं असू शकत होतं.

सकाळी काटेवाले बेडवर हजर.

"थोरला अजून इथेच आहे ना? त्याला परत चढवा."

"कशाला? तो तर पास झालाय," पाहुणा म्हणाला.

"काट्याचा संशय आला की मी एकच करायचो. आधी तोललेली वस्तू पुन्हा त्याच काट्यावर ठेवायचो."

थोरल्याला चढवून बांधायला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सगळे जाड काचेमागच्या खोलीत जमले. मफलरने नेहमीप्रमाणे आधी फोन फिरवला, दोन आकडे भरले, आणि इंजिन सुरू केलं. आग पूर्ण दिल्यावर काचेतूनही छातीत धडधड व्हायला लागली. काटेवाल्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. त्यांचं वजन त्या क्षणी त्यांनाच कमी वाटत असावं.

इंजिन थांबलं. पडद्यावर कागदी दिवसाचा आकडा आला.

थोरलाही दोन टक्क्यांनी कमी भरला होता.

तिला एकदम मोकळं वाटलं. धाकट्याशी कुणी खास वैर धरलेलं नव्हतं तर. मग दीरही यात नव्हता. तिने श्वास सोडला, पण तो पुरता सोडून होण्याआधीच पाहुण्याने तोंड उघडलं.

"म्हणजे आज तो खरा मोजला गेला," तो सावकाश म्हणाला. "आणि उन्हाळ्यात तुम्ही त्याला दोन टक्के फुकट वाढवून दिले होते. आता तर माझा संशयच उरला नाही."

४

दोन मोजमापांपैकी एक खोटं होतं एवढं सिद्ध झालं होतं. कुठलं, ते नव्हतं. आणि पहिलं खोटं असलं तर फायदा थोरल्याचा, म्हणजे दिराच्या कंपनीचा. गाडी फिरून तिच्याच दारात येऊन उभी राहिली होती.

"आता काटा तपासू," काटेवाले म्हणाले. या एका कामात त्यांना कुणी काही शिकवायची गरज नव्हती. प्रमाणित वजनं आणवून त्यांनी ती एकामागून एक बेडच्या काट्याला टांगायला लावली. स्वतः कोट काढून, बाह्या सरसावून, घाम पुसत बघत राहिले. काटा प्रत्येक वजनाला खरं बोलला.

"काट्यात खोट नाही," ते खाली बसत म्हणाले. "आणि दोन्ही इंजिनं एका रात्रीत सारखीच आजारी पडतील हेही मला पटत नाही. मग जोर खरा आहे आणि उत्तर खोटं आहे. बाई, तुमचा तो कागदी दिवस. तिथे जाताना वाटेत काहीतरी होतंय. मला एवढंच सांगा, त्या गणितात किती आकडे जातात आणि प्रत्येक आकडा कुणाच्या घरून येतो?"

"तीनच," ती म्हणाली. "जोर, तो आपल्या काट्यावरून. तापमान, ते इंजिनाच्या तोंडाशी लावलेल्या आपल्याच तापमापकांतून. आणि हवेचा दाब, तो…"

तिने मफलरकडे पाहिलं.

"धावपट्टीच्या टॉवरला फोन करतो ना, मॅडम," मफलर म्हणाला. "आपला दाबमापक तपासणीला गेलाय तो आलाच नाही. थोरला यायच्याही आधी गेलाय. प्रयोगशाळेला विचारलं की म्हणतात रांगेत आहे."

"उन्हाळ्यातही फोन करूनच घेत होतास?"

"तेव्हाही. टॉवरच्या हवामान खोलीतल्या बाई सांगतात, मी भरतो. तुम्हीच म्हणालात, धावपट्टी पलीकडेच आहे, जमीन एकाच पातळीवर आहे, त्यांचा दाब तोच आपला."

तसं ती म्हणाली होती, आणि ते बरोबरही होतं. भिंतीपलीकडे धावपट्टी, उंचीत एका फुटाचा फरक नाही.

"आकडा वाढलेला दिसला नाही तुला?" काटेवाल्यांनी विचारलं.

"दिसला ना. मॅडमना दाखवलाही. पण थंडीत हवा दाट होते, दाब वाढतोच. दर वर्षी वाढतो."

हेही खरं होतं. तिने तो आकडा पाहिला होता, हिवाळा म्हटल्यावर तो तिला ठीक वाटला होता, आणि तिने मान हलवून पुढे जायला सांगितलं होतं.

काटेवाले उठले आणि कोट चढवू लागले. "म्हणजे तीनपैकी दोन आकडे तुमच्या घरचे, आणि एक शेजारच्या बाईंचा. या बाईंचं कोण कुठे नोकरीला आहे?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. त्या बाईंना ती ओळखत होती. थोरल्याच्या कंपनीने मध्यंतरी वैमानिकांना आणि टॉवरच्या लोकांना मोठी मेजवानी दिली होती, आणि त्या मेजवानीचं आमंत्रण वाटत फिरला होता तो तिचा दीरच.

५

हवामान खोली टॉवरच्या तळमजल्यावर होती. बाई सडपातळ, चष्मा नाकावर, आणि कुणी संशय घेऊन आलंय याची त्यांना गंधवार्ताही नव्हती. त्यांनी दोघांना बसायला खुर्च्या दिल्या आणि आपलं काम चालू ठेवलं.

काटेवाल्यांचा हात सवयीने टेबलावर गेला. तिथे मोडीत निघालेल्या एका विमानातून काढलेलं उंचीचं घड्याळ होतं, काचेच्या तबकडीचं, डब्याएवढं. त्यांनी ते उचललं.

"सव्वा किलो असेल," ते म्हणाले, आणि मग तबकडीकडे बघत राहिले. "हे बिघडलंय का? पाचशे साठ फूट दाखवतंय. आपण तर तळमजल्यावर बसलोय."

"बिघडलेलं कशाला असेल?" बाई म्हणाल्या. "रोज सकाळी खिटी फिरवून त्यावर त्या दिवसाचा दाब लावून ठेवते मी, ताळा बघायला. पूर्वी शून्य दाखवायचं. आता पाचशे साठ दाखवतं. आपली धावपट्टी समुद्रापासून तेवढीच उंच आहे."

ती खुर्चीवरून अर्धी उठली होती. कॅन्टीनमधला पांढऱ्या मिशांचा वैमानिक काय बडबडत होता ते आत्ता कुठे तिच्या डोक्यात शिरलं.

"पूर्वी शून्य, आता पाचशे साठ," ती म्हणाली. "हे कधी बदललं?"

"नवी शिकाऊ विमानं आली ना, परदेशी शिक्षकांबरोबर, पावसाळा संपल्यावर. त्याआधी आपली सगळी विमानं ज्या देशाची, त्या देशात धावपट्टीवरचा खरा दाब सांगायची पद्धत. तो लावला की जमिनीवर काटा शून्यावर असतो. या नव्या शिक्षकांच्या देशात समुद्रसपाटीला नेऊन दाब सांगतात. म्हणजे आपली धावपट्टी समुद्राइतकी खाली असती तर दाब किती असता, तो. तो लावला की जमिनीवर काटा तुमची उंची दाखवतो. दोन पद्धती एकत्र चालल्या तर कुणीतरी कुणावर आपटायचं. म्हणून आता सगळ्यांना समुद्राचाच सांगतो."

"पण आम्हाला कुणी सांगितलं नाही."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्यांना मनापासून नवल वाटलं होतं. "विमान उडवणाऱ्या प्रत्येकाला कळवलं हो. दोनदा कळवलं. तुम्ही तर इंजिन जमिनीला बांधून ठेवता. तुम्हाला उंचीचं काय करायचंय?"

काटेवाल्यांनी घड्याळ अलगद खाली ठेवलं आणि ते चाचणीप्रमुखांकडे वळले. "बाई, मला जरा दुकानदाराच्या भाषेत सांगा."

ती सांगू लागली आणि सांगता सांगता तिचा आवाज सुटत गेला. "इथली हवा समुद्राकाठच्या हवेपेक्षा पातळ आहे. पाचशे साठ फूट म्हणजे दाबात साधारण वीस मिलिबारचा फरक. हजारात वीस. शेकडा दोन. इंजिनाने पातळ हवा खाल्ली आणि त्या हवेत जेवढा रेटायचा तेवढा जोर रेटला. आपण मात्र गणिताला सांगितलं की आज त्याला समुद्राची दाट हवा मिळाली होती. गणित म्हणालं, एवढं खाऊन एवढाच जोर? कापा दोन टक्के."

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात टॉवर इथला खरा दाब सांगत होता. म्हणून थोरला तेव्हा बरोबर भरला. खोटं मोजमाप पहिलं नाही. नंतरची सगळी खोटी."

"आणि खोटं बोललं कुणीच नाही," काटेवाले म्हणाले. त्यांना याचं जरा वाईट वाटलेलं दिसलं. इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच त्यांना प्रकरण सुटूनही आत टाकायला माणूस सापडला नव्हता.

बाईंनी धाकट्याच्या दोन्ही दिवसांचा आणि थोरल्याच्या फेरचाचणीचा धावपट्टीवरचा खरा दाब काढून दिला. बेडवर परत येऊन तिने आकडे भरायला मफलरला खुर्चीत बसवलं आणि स्वतः पाठीशी उभी राहिली. पाहुणा दुसऱ्या बाजूने वाकून बघत होता. गणित परत फिरलं. धाकटा कंपनीच्या आकड्यावर येऊन थांबला. त्याच्या दुसऱ्या दिवसाचा आकडाही तिथेच थांबला. मग थोरला. तोही.

तिचा जीव भांड्यात पडला. ती तिथल्याच स्टुलावर बसली.

पाहुण्याने तीनही आकडे आपल्या बोटाने पडद्यावर पुन्हा वाचले. मग तो तिच्यासमोर आला आणि त्याने हात पुढे केला.

"मी म्हणालो होतो मोजणारे आजारी आहेत," तो म्हणाला. "चूक माझी होती. आमच्या बेडवरही दाब विमानतळावरूनच घेतात. आज रात्री मी घरी फोन करून विचारणार आहे, कुठला घेतात ते."

संचालकांनी काटेवाल्यांचं सगळं ऐकून घेतलं, दोनदा "अस्सं" म्हटलं, आणि आपण दाबमापकासाठी प्रयोगशाळेला आत्ताच्या आत्ता फोन करतो असं जाहीर केलं. दोन्ही इंजिनं निवडीसाठी उभी राहतील, चाचणीप्रमुखांवर कसलाही ठपका नाही, आणि दिराशी बोलायची बंदी उठली, हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं. या वेळी ते तिच्याकडे बघून बोलले.

फाटकापाशी काटेवाल्यांना निरोप देताना तिला एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवेना.

"तुम्ही म्हणालात निर्दोष माणूस रडत नाही. मग भाऊजी का रडले?"

"ते मला अजून कळलेलं नाही," काटेवाले म्हणाले. "माझं काम काट्यापुरतं. ते तुम्हीच जाऊन बघा."

६

दीर तिच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत राहायचा. ती संध्याकाळी तिथे पोचली तेव्हा त्याने टेबलावर चादर अंथरून इस्त्री लावली होती. पुढ्यात पांढरा शर्ट, खुर्चीच्या पाठीवर टाय. वहिनी दारात उभी पाहून त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"वहिनी, तुम्ही इथे येऊ नका. कुणी बघितलं तर तुमच्यावरच येईल."

"बघू दे. बंदी उठली." ती आत आली. "हा शर्ट कशासाठी चाललाय?"

तो इस्त्री फिरवत राहिला. मग मान खाली घालूनच म्हणाला, "उद्या समितीपुढे जाणार आहे. सांगणार आहे की मी तुम्हाला भरीला घातलं. तुम्ही नाही म्हणत होतात, मी हातापाया पडलो, म्हणून तुम्ही आकडा कमी केलात. सगळं माझ्यामुळे झालं म्हटल्यावर तुमच्यावर जरा कमी येईल."

"पण तुम्ही तर मला कधी भरीला घातलं नाही."

"नाही घातलं. पण त्या रविवारी मी दादाजवळ रडगाणं गायलो होतो ना, की आमचं इंजिन हरलं तर इथली कचेरी बंद करतील आणि माझी नोकरी जाईल. तुम्ही स्वयंपाकघरात होतात. तुम्ही ते ऐकलंत." त्याने शर्टाची कॉलर उलटली. "मला वाटलं, वहिनींनी माझ्यासाठी केलं. आयुष्यात कधी कुणाचा सुईचा दोरा न उचललेल्या बाईने माझ्यापायी हे केलं. त्या साहेबांनी तुमचं नाव काढलं आणि मला आवरेनाच."

म्हणून तो रडला होता. ज्याच्यावर ती रात्रभर संशय घेत होती, तो तेच पाप तिच्या नावावर लिहून, ते आपल्या डोक्यावर घ्यायला शर्ट इस्त्री करत होता. तिला एकाच वेळी त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली आणि त्याला जवळ घ्यावंसं वाटलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "मी ऐकलंच नव्हतं ते. आत कुकरच्या शिट्या चालल्या होत्या. आणि कुणी काही केलेलं नाही. टॉवरवाले आम्हाला हवेचा दाब दुसऱ्याच रीतीने सांगत होते, एवढंच. दोन्ही इंजिनं पास आहेत."

त्याने वर पाहिलं. "कुणीच काही केलेलं नाही?"

"कुणीच नाही. मी तर तुमच्यावर संशय घेत होते."

"माझ्यावर?"

"तुमच्यावर. मफलरला फितवलंत असं ठरवून मोकळी झाले होते."

तो हातातली इस्त्री तशीच सोडून मटकन पलंगावर बसला आणि हसायला लागला. आधी जरासं, मग पोट धरून. तिलाही हसू आवरेना. पदराने डोळे पुसत तिने त्याच्या शेजारी बूड टेकलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला कडकडून भूक लागली होती. जरा वेळाने तिने नाक वर करून वास घेतला.

"भाऊजी, इस्त्री उचला," ती म्हणाली. "शर्ट करपतोय."

त्याने टेबलाकडे एकदा पाहिलं. "करपू दे, वहिनी," तो म्हणाला. "आता तो कुठे घालायचाय?"